परतू पाहणाऱ्या डॉक्टरला जागा हवी

परदेशात वर्षानुवर्षे अव्याहत काम केलेला डॉक्टर काही आठवड्यांसाठी मायदेशी येतो, गावातल्या किंवा तालुक्याच्या रुग्णालयात दोन-चार दिवस रुग्ण तपासतो, आणि आपण या व्यवसायात का आलो होतो याची त्याला नव्याने जाणीव होते, अशा हकिगती आता मराठी घरांना अपरिचित राहिलेल्या नाहीत. त्या ऐकताना आपल्याला बरे वाटते, आपण त्या डॉक्टरचा सत्कार करतो, स्थानिक वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र येते, आणि तो परत गेल्यावर ज्या रुग्णालयात हे सगळे घडले त्या रुग्णालयात काहीही बदललेले नसते. त्याला झालेली जाणीव खरी आहे आणि ती मौल्यवान आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या मनात आपल्या माणसांसाठी काम करण्याची इच्छा जागी झाल्यावर तिला कामाचे रूप देता येईल अशी कोणती जागा आपण त्याच्यासाठी तयार ठेवली आहे? माझे स्पष्ट मत असे की अशी जागा आपण जवळजवळ कुठेच ठेवलेली नाही, आणि व्यक्तीच्या त्यागाची थोरवी गाण्याच्या सवयीमुळे ही उणीव आपल्या लक्षातही येत नाही.

ही जाणीव इतक्या तीव्रतेने का होते, हे आधी समजून घ्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारताना कामाच्या ठिकाणच्या दीर्घ आणि न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणाऱ्या थकव्याची व्याख्या केली. कमालीची दमणूक, कामाबद्दल वाटणारा दुरावा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, अशी त्याची तीन लक्षणे त्यात सांगितली आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टरांशी बोलले की यातले तिसरे लक्षण फार ऐकू येते. दिवसाचा मोठा हिस्सा संगणकावर नोंदी भरण्यात आणि एखादी तपासणी किंवा औषध रुग्णाला का हवे हे विमा कंपनीला पटवून देण्यात जातो. प्रत्यक्ष रुग्ण या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी उरतो. अशा माणसापुढे तालुक्याच्या बाह्यरुग्ण विभागात एखादी बाई येते, तिच्या पाच वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया झालेला असतो, साध्या प्रतिजैविकाने ते मूल तीन दिवसांत खेळू लागते, आणि डॉक्टरला आपल्या विद्येचा आणि माणसाच्या जगण्याचा थेट संबंध पुन्हा दिसतो. यात भाषेचाही मोठा वाटा आहे. आयुष्यभर परक्या भाषेत दुखणे समजून घेतलेल्या माणसाला ‘पोटात कालवतंय’ किंवा ‘अंग मोडून आलंय’ हे शब्द ऐकताच जे कळते, ते त्याला दुसऱ्या कोणत्याही भाषेत इतक्या लवकर कळत नाही.

मात्र इथेच सावध राहायला हवे, कारण डॉक्टरला समाधान मिळवून देणे हे गावाचे काम नाही. भेट यशस्वी झाली की नाही हे डॉक्टरच्या मनाला काय वाटले यावरून ठरत नाही. त्याने तपासलेल्या रुग्णांचे सहा महिन्यांनी काय झाले, यावरून ते ठरते. या कसोटीवर आपली आवडती आरोग्य शिबिरे फारशी टिकत नाहीत. एका दिवसात काही शे लोकांचा रक्तदाब मोजला जातो, ज्यांचा वाढलेला निघतो त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, आणि सोळाव्या दिवशी ती गोळी कुठून आणायची, ती आयुष्यभर का घ्यायची आणि पाय सुजले तर कोणाला विचारायचे, हे सांगायला कोणीही नसते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे सातत्याने लक्ष ठेवण्याचे आजार आहेत, त्यांना एका दिवसाचा उपचार असूच शकत नाही. शिबिराचा उपयोग होतो तो मोतीबिंदूसारख्या, एका शस्त्रक्रियेने सुटणाऱ्या दुखण्यात, आणि तोही मागे पक्के रुग्णालय असेल आणि नंतरच्या तपासणीची जबाबदारी कोणीतरी नाव लावून घेतली असेल तरच. देणगीतून मिळालेल्या यंत्रांची गत अशीच होते. ते चालवणारा तंत्रज्ञ नाही, दुरुस्तीचा करार नाही, त्यामुळे उद्‌घाटनाची फीत कापली गेल्यानंतर ते खोलीच्या कोपऱ्यात पडून राहते.

याउलट महाराष्ट्रातच अशी दोन ठिकाणे आहेत जिथे परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांच्या प्रेरणेतून उभे राहिलेले काम कित्येक दशके टिकले आहे, आणि ते का टिकले याची कारणे प्रेरणेच्या तीव्रतेपेक्षा निराळी आहेत.

डॉ. रजनीकांत आरोळे हे राहुरीचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि साठच्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे त्यांना दिसले की रुग्ण बरा होऊन घरी जातो, त्याच पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे परततो आणि काही दिवसांनी त्याच दुखण्याने पुन्हा दारात उभा राहतो. आपण चांगले डॉक्टर आहोत, तरी आपल्या कामाने गावाचे आरोग्य सुधारत नाही, ही बोचणी घेऊन ते अमेरिकेला गेले, तिथे रुग्णालयीन प्रशिक्षण घेतले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९७० मध्ये जामखेडला आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मायदेशाच्या आठवणीने भारावून त्यांनी निर्णय घेतला नव्हता. मायदेशातल्या कामात आलेल्या अपयशाने जो प्रश्न दिला होता, त्याचे उत्तर शोधायला ते बाहेर गेले आणि आराखडा घेऊन परतले.

जामखेडला पोहोचल्यावर तो आराखडाही त्यांना बदलावा लागला. गावोगाव परिचारिका नेमाव्यात असे आधी ठरले होते, पण बाहेरून आलेली शिकलेली मुलगी खेड्यात एकटी राहायला तयार होईना आणि गावातल्या बायका तिच्यापुढे मोकळेपणाने बोलत नसत. तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातही दलित वस्तीतल्या, निरक्षर, अनेकदा नवऱ्याने टाकलेल्या बायकांना शिकवण्याचा मार्ग त्यांनी धरला. बाळंतपण कसे करावे, अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे त्या बायका आठवड्याच्या बैठकीत शिकत आणि गावात जाऊन करत. त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते, म्हणून या डॉक्टरांनी विहिरी आणि मुलांच्या जेवणाची व्यवस्था यांत स्वतःला गुंतवून घेतले. पुढे १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या ज्या मोजक्या लोकाधारित आरोग्य प्रकल्पांची दखल घेतली त्यांत जामखेड होते, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला त्यामागच्या अनुभवांतही ते होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम चालू राहिले, कारण ते दोन डॉक्टरांच्या हातांत नव्हते, शेकडो बायकांच्या हातांत होते.

गडचिरोलीची हकिगत याच्याशी नाते सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. अमेरिकेतून आल्यावर १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. हा जिल्हा १९८२ मध्येच चंद्रपूरपासून वेगळा झालेला आणि राज्यातल्या सर्वांत मागास भागांपैकी एक होता. त्यांनी सुरुवात केली ती विचारण्यापासून आणि मोजण्यापासून. आदिवासींना मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते हे समजल्यावर रुग्णालयाला झोपड्यांच्या पाड्याचे रूप देण्यात आले, नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येईल अशी सोय झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. खेड्यातल्या बायकांच्या स्त्रीरोगांची तपासणी झाली, तेव्हा दहांपैकी नऊहून अधिक बायकांना काही ना काही विकार असल्याचे आढळले, आणि १९८९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून येईपर्यंत जगाच्या आरोग्यधोरणात या दुखण्यांना जवळजवळ स्थानच नव्हते.

नवजात बाळांच्या मृत्यूंवरचे त्यांचे काम तर पुढच्या धोरणाचा पायाच ठरले. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रीने घरी जाऊन बाळाला तपासायचे, उबेत ठेवायचे, श्वास अडकला तर मदत करायची आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे, अशी ही पद्धत होती. तुलनेसाठी ठेवलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई देण्याला अनेक डॉक्टरांचा आक्षेप होता, आणि तो आक्षेप भावनेने दूर झाला नसता. तो आकड्यांनी दूर झाला. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या गावांत आहे.

या दोन्ही उदाहरणांतून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की सगळे सोडून कायमचे परतणारे थोर असतात आणि बाकीच्यांनी त्यांना नमस्कार करून आपापल्या मार्गाने जावे. मला हा निष्कर्ष समाजासाठी घातक वाटतो, कारण त्यामुळे सामान्य ताकदीच्या, चांगल्या मनाच्या हजारो डॉक्टरांना काही करता येण्याजोगे उरतच नाही. घर, मुलांचे शिक्षण, म्हातारे आईवडील, जोडीदाराची नोकरी हे सगळे असलेल्या पन्नाशीच्या भूलतज्ज्ञाला हेमलकसा किंवा जामखेड उभारायला सांगणे आणि ते जमत नसेल तर शिबिर कर म्हणणे, या दोहोंच्या मध्ये फार मोठी जागा आहे, आणि ती आपण रिकामी ठेवली आहे. गडचिरोलीच्या त्याच रुग्णालयात मुंबईहून मणक्याचे शल्यचिकित्सक ठरावीक काळाने येऊन शस्त्रक्रिया करतात. ते गडचिरोलीत राहत नाहीत, तरीही त्यांचे काम वाया जात नाही, कारण ते येण्याआधी रुग्णांची निवड करणारी आणि ते गेल्यावर जखम पाहणारी माणसे तिथे कायम असतात. पाहुण्या डॉक्टरचे थोड्या दिवसांचे कौशल्यही सार्थकी लागते, पण त्यासाठी घर चालवणारे कोणीतरी घरात असावे लागते.

आपल्याकडची जुनी उदाहरणेही हेच सांगतात. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन निघाल्या, तेव्हा कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी आधीच मुक्रर झालेली होती. क्षयाने त्यांना ते काम करू दिले नाही आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. तरीही परतणाऱ्या डॉक्टरसाठी पद तयार ठेवण्याची दृष्टी त्या काळच्या एका संस्थानाला होती, ही गोष्ट आपण आनंदीबाईंच्या चरित्रातून सांगायला विसरतो. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत व नंतर राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली, तीही रुग्णालयांतल्या नेमणुकांवर.

आज परदेशातला भारतीय डॉक्टर दुर्गम भागात काम करत नाही, हा समजही चुकीचा आहे. तो करतो; फक्त तो भाग आपला नसतो. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते, तेव्हा साठच्या दशकापासून तिथले दवाखाने मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी चालवले. अमेरिकेत प्रशिक्षणासाठी विशिष्ट व्हिसावर गेलेल्या डॉक्टरने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे असा नियम आहे, आणि १९९४ पासून त्यातून सुटका मिळवण्याची एक अधिकृत वाट तिथे आहे: डॉक्टरांची टंचाई असलेल्या अमेरिकी भागात तीन वर्षे काम करायचे. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. म्हणजे मायदेशी परतण्याच्या बंधनातून मोकळे होण्यासाठी आपली माणसे अमेरिकेतल्या खेड्यांत काम करतात, कारण तिथे पद आहे, लेखी करार आहे, ठरलेला पगार आहे, सोबतीला परिचारिका आणि तंत्रज्ञ आहेत आणि तीन वर्षांनी काय मिळेल हे पहिल्या दिवशी ठाऊक असते. आपण मात्र त्याच माणसाला मातृभूमीच्या ऋणाची आठवण करून देतो आणि अर्ज कुठे करायचा हे सांगत नाही.

आपल्याकडे गरज नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात १,२०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ८०,००० लोकसंख्येमागे एक ग्रामीण रुग्णालय असावे आणि तिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असावेत. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या अशा रुग्णालयांमध्ये गरजेच्या तुलनेत जवळपास ८० टक्के विशेषज्ञ कमी आहेत. सिझेरियनची गरज असलेली बाई तालुक्याहून जिल्ह्याला पाठवली जाते, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते: भूलतज्ज्ञ नाही. शस्त्रक्रियागृह असते, टेबल असते, कधीकधी शल्यचिकित्सकही असतो. महाराष्ट्रात एम.बी.बी.एस.नंतर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र घेतले जाते, पण नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींना वरिष्ठांच्या मार्गदर्शनाविना एकटे पाठवून विशेषज्ञांची उणीव भरून निघत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. जे कधी गेलेच नाहीत, त्यांना आपण काय दिले? डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, नोंदी ठेवल्या, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणात विंचवाने होणारे मृत्यू कमालीचे घटवले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. परदेशी पदवीशिवाय, कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात बसून हे घडले. परदेशातून येणाऱ्यासाठी पायघड्या आणि इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला गळके निवासस्थान, अशी व्यवस्था कोणी सुचवत असेल तर मी तिला विरोध करीन. मी मागतो आहे ती व्यवस्था दोघांच्याही उपयोगाची आहे. रात्री राहण्याजोगे घर, सोबत काम करणारा दुसरा डॉक्टर, वेळेवर पगार, नोंदी ठेवण्याची शिस्त आणि संशोधनाला मोकळीक या गोष्टी इथल्या डॉक्टरला टिकवतात आणि त्याच गोष्टी बाहेरच्याला परत आणतात.

ही व्यवस्था अशक्य नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर वैद्यकीय पात्रता २००८ मध्येच भारतात मान्य झाल्या, म्हणजे पदवीची मुख्य अडचण बरीच दूर झालेली आहे. आता राज्याने उपजिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण भागातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तीन किंवा सहा महिन्यांच्या जोडपदांची सोय करावी. एकाच रुग्णालयाशी चार-पाच डॉक्टरांनी बांधून घ्यायचे, वर्ष आपसांत वाटून घ्यायचे आणि दरवर्षी त्याच ठिकाणी यायचे, अशी ती रचना असावी. त्यामुळे रुग्णाला भूलतज्ज्ञ बाराही महिने मिळेल आणि डॉक्टरला आपले परदेशातले आयुष्य एकदम मोडावे लागणार नाही. नोंदणीचा अर्ज, नागरिकत्व बदललेल्यांसाठीची परवानगी आणि व्यावसायिक जबाबदारीचा विमा हे सर्व एका कार्यालयात आणि ठरलेल्या मुदतीत व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यातही स्थलांतरितांच्या अनुभवाचा लाभ मूळ देशाला मिळावा, यासाठी अशा ये-जा करणाऱ्या सेवेचा विचार आहे.

ज्यांना तेवढेही येणे शक्य नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. भारतात जन्मलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात हेपॅटायटिस-सी या आजारासाठी असा कार्यक्रम सुरू केला की विद्यापीठातले तज्ज्ञ आणि खेड्यातले डॉक्टर दर आठवड्याला दृक्श्राव्य बैठकीत प्रत्यक्ष रुग्णांवर चर्चा करतात आणि उपचार खेड्यातलाच डॉक्टर करतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेड्यातल्या उपचारांचे यश विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच आढळले. परदेशातून थेट रुग्णाला सल्ला देण्यात नोंदणीचे आणि जबाबदारीचे प्रश्न उभे राहतात, पण डॉक्टरने डॉक्टरला शिकवण्यात ते राहत नाहीत. ह्यूस्टनमधल्या मराठी हृदयरोगतज्ज्ञाने किनवटच्या किंवा धारणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आठवड्यातून एक तास, वर्षानुवर्षे, न चुकता बोलणे हे मला एका भव्य शिबिरापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

डॉक्टरकडूनही काही अपेक्षा ठेवायला हव्यात, आणि त्या संकोच न करता सांगायला हव्यात. त्याने पहिल्या भेटीत काही देण्याची घाई करू नये. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाला, मुख्य परिचारिकेला आणि आशा कार्यकर्त्यांना भेटून गेल्या वर्षभरात कोणते रुग्ण पुढे पाठवावे लागले, कोण वाटेत दगावले आणि कोणत्या माणसाअभावी, हे विचारावे. मेळघाटात जाणार असेल तर कोरकू बोलणारा आणि भामरागडला जाणार असेल तर माडिया बोलणारा सहकारी सोबत घ्यावा. मराठी येते एवढ्याने तिथे भागत नाही. पैसे द्यायचे असतील तर यंत्राऐवजी तीन वर्षांसाठी एका परिचारिकेचा किंवा तंत्रज्ञाचा पगार द्यावा. आणि आपण येणार असे सांगितले असेल तर पुढच्या वर्षी खरोखर यावे, कारण गावाने अशी आश्वासने खूप ऐकलेली आहेत.

येत्या डिसेंबरातही परदेशातले डॉक्टर सुट्टीसाठी गावोगाव येतील. त्यांतल्या काहींच्या मनात काम करण्याची इच्छा जागी होईल. त्यांपैकी एखाद्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन ‘मला दरवर्षी तीन महिने तुमच्याकडे काम करायचे आहे’ असे सांगितले, तर त्याला त्याच दिवशी रिक्त पदांची यादी, अर्जाचा नमुना आणि उत्तर मिळण्याची तारीख हातात मिळाली पाहिजे. राज्याच्या आरोग्य विभागाने यासाठी आधी एखाद-दुसरा जिल्हा निवडावा, गडचिरोली आणि नंदुरबार घ्यावेत, आणि दोन वर्षांनी तिथल्या तालुक्यांतून जिल्ह्याला पाठवाव्या लागणाऱ्या बाळंतिणींची संख्या किती कमी झाली हे जाहीर करावे.